सरचं मैदान: बोर्ड नाही, टीशर्ट नाही, महिना ३०० रुपये

दोन महिन्यांपासून लिहीन लिहीन म्हणतो पण आधी सोयाबीनची सोंगणी आली मग कपाशीचा पहिला वेचा, राहूनच गेलं. गावातल्या चार-पाच जणांनी विचारलं की तुमची पोरगी सकाळी कुठं जाते, आमच्या पोट्ट्याला टाकू का, फी किती, तर प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा सरच्या खो-खो, कबड्डीच्या क्लासबद्दल एकदाच लिहून टाकतो. लांब होईल पण ज्याला आपलं लेकरू मैदानावर पाठवायचंय त्यानं पूर्ण वाचा, कारण यात माझी पण एक मोठी चूक आहे आणि तीच चूक अजून लय बाप करून रायले.

तर ठिकाण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या पट्ट्यातलं. ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरान जमिनीवर मुरूम टाकून केलेलं मैदान, दोन लाकडी खांब खो-खोचे, एक कबड्डीची आखणी, बाजूनं पळायला गोल चुन्याची रेघ. नाव काहीच नाही, बोर्ड नाही, लोक नुसतं सरचं मैदान म्हणतात. सर म्हणजे शाळेतून रिटायर झालेले पीटीचे सर, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ते मंडळ १९१४ चं आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळेस तिथल्या पथकानं जर्मनीत जाऊन आपली कबड्डी करून दाखवली होती. आपल्या वऱ्हाडातल्या पोरांनी, नव्वद वर्षांआधी! सर ही गोष्ट नवीन पोरांना पहिल्याच दिवशी सांगतात आणि सांगताना त्यांचा आवाज बदलतो, मी स्वतः ऐकलं आहे.

आता आमची गोष्ट. पोरगी आता सातवीत आहे. दोन वर्षांआधी, पाचवीत असताना, जिल्हा परिषद शाळेच्या खो-खो टीममध्ये होती, चपळ आहे म्हणून गुरुजींनी घेतलं. तालुक्याच्या मॅचला मी मोटरसायकलवर घेऊन गेलो होतो. खो-खोत आठ जणी मधल्या पाटीत बसतात आणि नववी पाठलाग करते हे सगळ्यांना माहीत आहे. ही चौथ्या चौकोनात बसली होती. मागून खो मिळाला, आवाज मला बाहेर ऐकू आला, आणि ही उठलीच नाही. नुसती बसून राहिली. समोरच्या टीमची पोरगी हिच्या अगदी हाताजवळून निघून गेली, सगळे ओरडत होते उठ उठ, आणि हिचे हात जमिनीला चिकटल्यासारखे. मग लोक हसले. आमच्याच गावचे लोक हसले.

येताना ११ किलोमीटरचा रस्ता आहे आणि मी त्या ११ किलोमीटरमध्ये गाडी चालवता चालवता एकच बोलत होतो, काहून उठली नाई, नुसतं उठायचं तं होतं, एवढं सोपं काम, एवढे लोक पाहून रायले होते. ती मागं बसून एक शब्द बोलली नाही. मला वाटलं ऐकून रायली, समजून रायली. घरी आल्यावर जेवली नाही. त्यानंतर ज्या दिवशी मॅच असेल त्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखायचं. हे नाटक आहे असं मी तिच्या आईला म्हणालो होतो. नाटक नव्हतं, पोटात खरंच मुरडायचं, हे मला लय उशिरा कळलं.

मग उन्हाळ्यात जिल्ह्याच्या ठिकाणी एका शिबिरात टाकली, नाव घेत नाही, १५ दिवसांचे २५०० रुपये, टीशर्ट, टोपी, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट. तिथले कोच चुकलं की सगळ्यांसमोर नावानं ओरडायचे आणि शेवटच्या दिवशी माइकवर म्हणाले तुम्ही सगळे वाघ आहात, तुम्ही काहीही करू शकता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आमची पण वाजवत होती. घरी येऊन म्हणाली, बाबा मले खो-खो नाई खेळाचा. चौदा दिवस ढ म्हणायचं आणि पंधराव्या दिवशी वाघ म्हणायचं, लेकराला काय कळत नाही का.

सरकडे गेलो ते तिच्या आईच्या सांगण्यावरून, मी तयार नव्हतो. पहिल्या दिवशी सरांनी तिला विचारलं, तुले काय येते? ती म्हणाली, काई नाई. मी मध्ये बोलायला गेलो तर सरांनी मला हातानं थांबवलं, म्हणाले तुम्ही तिकडं लिंबाखाली बसा. मग तिला एक दहा रुपयांवाली वही दिली आणि म्हणाले, यात रोज एकच ओळ लिहायची, आज काय जमलं आणि किती. मार्क नाही, नंबर नाही, दुसऱ्या कोणाशी तुलना नाही. किती जमलं ते आकड्यात.

आणि मग त्या माणसानं पहिले दहा-बारा दिवस तिच्याकडून फक्त उठायचं करून घेतलं. खरंच सांगतो, फक्त खो मिळाला की उठायचं. समोर कोणी पळणारं नाही, काही नाही. दिवसातून २० वेळा खो. पहिल्या दिवशी वहीत लिहिलं होतं "२० पैकी ११ वेळा लगेच उठली". मग १४. मग मध्येच एक दिवस ९, त्या दिवशी शेजारच्या गावचे पोट्टे पाहायला उभे होते. मग १७. मग एका दिवशी २० पैकी २०, आणि त्याच दिवशी सरांनी समोर हळू पळणारी एक लहान पोरगी ठेवली, आकडा परत खाली १३ वर आला. ती रडायच्या घाईला आली होती तर सर म्हणाले, हे १३ त्या ११ पेक्षा कठीण आहेत, वहीत पाह्य. मला सुरुवातीला वाटलं हा वेळ काढून रायला, ३०० रुपयांत उठा-बसा शिकवून रायला. आता ती वही माझ्या घरातल्या सातबाऱ्यासोबत ठेवली आहे.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सर आईबापांची मीटिंग घेतात, लिंबाखाली, सतरंजीवर. ही मीटिंग या क्लासची सर्वात चांगली गोष्ट आहे असं माझं मत, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे तिला दहा-बारा लोकच येतात. तिथंच मला पहिल्यांदा कळलं की आत्मविश्वास कुठून येतो यावर लोकांनी अभ्यास केलेला आहे. सरांनी अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचं सांगितलं, १९७७ मध्ये त्यांनी मांडलं की हे मला जमेल असा भरवसा चार ठिकाणांहून येतो, आणि त्यात सर्वात पक्का भरवसा येतो स्वतः करून जमलेल्या गोष्टीतून. दुसऱ्याचं पाहून येतो तो त्याच्या खालचा. कोणी सांगितल्यानं, तू करशील म्हटल्यानं येतो तो त्याहून कच्चा. आणि चौथं म्हणजे आपलं अंग, छाती धडधडते, हात थंड पडतात, त्याचा आपण अर्थ काय लावतो ते. मी ऐकता ऐकता डोक्यात हिशोब करत होतो की मी आणि त्या शिबिरवाल्यांनी सगळा जोर कच्च्या ठिकाणी लावला होता, बोलण्यावर.

दुसऱ्याचं पाहून जे शिकतात त्याबद्दल सर आमच्याच भाषेत बोलले. म्हणाले, बियाण्याच्या पाकिटावरचा फोटो पाहून तुम्ही पेरता का? नाही. शेजारच्या धुऱ्यापलीकडं तेच वाण कसं आलं ते पाहून पेरता, कारण माती तीच, पाणी तेच. लेकरांचं तसंच आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला तेव्हा सगळ्या पोरींनी मोबाइलवर फायनल पाहिली, आपल्या पोरींनी नेपाळला हरवलं, कॅप्टन महाराष्ट्राचीच प्रियंका इंगळे, मैदानावर पेढे वाटले. आनंद झालाच, पण सर म्हणाले यानं आवड लागेल, भरवसा शेजारच्या पोरीला पाहून येईल. म्हणून आमचीला त्यांनी बाजूच्या गावच्या आठवीतल्या एका पोरीसोबत जोडून दिलं, जी आधी अशीच भेत होती. त्या पोरीनं स्वतःची जुनी वही आणून दाखवली. पहिल्या पानावर "२० पैकी ८". आमची त्या दिवशी घरी येऊन तिच्या आईला म्हणाली, तिचे आठच होते, माहे तं अकरा होते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळेच्या पोरांचं पण सरांनी सांगितलं, मे २०१८ मध्ये ५ जण एव्हरेस्टवर पोचले, आदिवासी पाड्यावरची लेकरं, ज्यांनी ट्रेनिंगच्या आधी बर्फ पाहिला नव्हता. ते एकदम एव्हरेस्टवर नाही गेले, आधी छोटे डोंगर, मग मोठे, असं करत करत गेले. आणि ज्या आईबापांना वाटतं बारा वर्षांची झाली, आता उशीर झाला, त्यांच्यासाठी उमेश यादव. खापरखेड्याकडचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्याचा पोरगा, विसाव्या वर्षाच्या आसपास लेदर बॉल हातात आला आणि २०११ मध्ये भारताकडून टेस्ट खेळला, विदर्भाचा पहिला.

शाबासकीबद्दल पण सरांचे नियम आहेत आणि ते आईबापांना पण लागू आहेत. नुसतं लय भारी, हुशार आहे माही पोरगी, असं म्हणायचं नाही. म्हणायचं तर नेमकं म्हणायचं, आज तू खांबाजवळ वेग कमी केला नाही म्हणून हात पोचला. १९९८ मधला एक अभ्यास त्यांनी सांगितला, म्यूलर आणि ड्वेक या दोन बायांचा, अमेरिकेतल्या पाचवीच्या पोरांवरचा. काही पोरांना हुशार म्हणून शाबासकी दिली, काहींना मेहनत केली म्हणून. नंतर मुद्दाम कठीण कोडी दिली, सगळ्यांची चुकली. त्याच्यानंतर परत सोपी दिली तर हुशार म्हटलेली पोरं आधीपेक्षा मागं पडली आणि मेहनतीवाली पुढं गेली. कारण हुशार म्हटलेल्या पोराला एकदा चुकलं की वाटतं आपण हुशार नाहीच. मी घरी येऊन तिच्या आजीला समजावून सांगितलं कारण आजी दिवसभर माही वाघीण माही वाघीण करते. आजीला पटलं नाही, ती अजूनही म्हणते, जाऊ द्या.

आता सर्वात महत्त्वाचं. मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, मॅच संपल्यावर गाडीवर तुम्ही काय बोलता? कोणी काही बोललं नाही. मग म्हणाले, लेकराला मैदानावर हरल्याचं दुःख अर्धा तास राहते, गाडीवर ऐकलेलं वर्षभर राहते. माझ्या डोळ्यांपुढून ते ११ किलोमीटर गेले. मी त्या दिवशी मीटिंग संपल्यावर सरांना सांगितलं की मी असं असं केलं होतं. ते मला काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले आता दोनच गोष्टी विचारायच्या, मजा आली का आणि भूक लागली का. बाकी तिनं काढलं तर बोलायचं. तिनं नाही काढलं तर दोन दिवस थांबायचं. हे वाचायला सोपं वाटते, करून पाहा, जीभ किती वळवळते ते कळेल.

भीती घालवण्यासाठी सर भीती घालवत नाहीत, हे पण मला नवीन होतं. ते पोरांना सांगतात धडधड होऊन रायली म्हणजे अंग तयार होऊन रायलं, रक्त पायाकडं चाललं आहे, थांबवू नका, फक्त श्वास सोडताना लांब सोडा, घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. आणि मॅचसारखा गोंधळ ते मैदानावरच तयार करतात. त्याच मैदानावर पोलीस भरतीचे पोट्टे पळायला येतात, १६०० मीटर, १०० मीटर, गोळा, त्यांची तयारी चालते. महिन्यातून दोनदा सर त्या पोट्ट्यांना खो-खोच्या चारी बाजूनं उभं करतात आणि म्हणतात ओरडा, शिट्ट्या मारा, हसा. पहिल्या वेळेस आमची परत बसून राहिली, मी पाहत होतो, माझ्या पोटात खड्डा पडला. सर काही बोलले नाहीत, वहीत "आवाजात २० पैकी ६" लिहायला लावलं. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत ती त्या पोट्ट्यांकडं पाहत पण नव्हती. आणि चुकलं की एक छोटी सवय लावली आहे, वाकून जमिनीला हात लावायचा, माती झटकायची, संपलं, पुढचा खो. सगळी पोरं करतात.

पोरींच्या बाबतीत एक गोष्ट लिहितो, लिहावं की नाही विचार करत होतो पण लिहितोच. पाळी सुरू झाली की आमच्याकडे पोरींचं मैदान सुटते, कोणी सांगून सोडत नाही, हळूहळू येणं बंद होते. सरच्या घरच्या, आम्ही काकू म्हणतो, त्या रोज मैदानावर बसून राहतात, पोरींशी तेवढ्यासाठी बोलतात, त्यांच्या पिशवीत पॅड असतात, आणि त्या दिवशी खेळायचं की नुसतं बसून वही लिहायची हे पोरगी ठरवते. यामुळे आठवी-नववीच्या पोरी इथं टिकून आहेत, हे मी दुसऱ्या कुठल्या क्लासमध्ये पाहिलं नाही.

आता कमी काय आहे ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा सरचा नातेवाईक आहे.

संडास-बाथरूम नाही. पोरी बाजूच्या एका घरी जातात, ते घर चांगलं आहे म्हणून चालून रायलं, पण हे बरोबर नाही, ग्रामपंचायतीनं लक्ष घातलं पाहिजे. पावसात मुरमाखालची काळी माती वर येते आणि आठ-आठ दिवस क्लास बंद, आणि नेमक्या शालेय स्पर्धा त्याच सुमारास असतात. सर एकटे आहेत आणि पोरं चाळीसच्या वर, खो-खो आणि पळण्यावर त्यांचा जीव जास्त, कबड्डीवाल्या पोट्ट्यांना आठवड्यातून दोन दिवस नीट वेळ मिळतो, बाकी दिवस मोठे पोट्टे लहानांना शिकवतात. तुमचा पोरगा कबड्डीवाला असेल तर हे आधी सरांशी बोलून घ्या. सकाळी साडेपाचची वेळ आहे, थंडीत अंधार असतो, आम्ही तीन घरं मिळून पाळीपाळीनं पोरींना सोडतो.

आणि एक तक्रार मनातली. दिवाळीनंतर आमचीचा घोटा मुरगळला तेव्हा सर म्हणाले हळद-तेल लावा, दोन दिवसांत उतरते. पण तिला पाय टेकवताच येत नव्हता, मी तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं, एक्स-रे काढला, हाड ठीक होतं पण लिगामेंट ताणलं होतं, तीन आठवडे आराम. सर माणूस चांगला आहे म्हणून त्यांना सगळंच कळते असं नाही. पाय टेकवता येत नसेल, चार पावलं चालता येत नसेल, तर हळद-तेलात दिवस घालवू नका, एक्स-रे काढा. मी सरांना हे तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आता मैदानावर बर्फाचा डबा आणि क्रेप बँडेज असते. ते तीन आठवडे पण पोरगी मैदानावर जायची, बसून दुसऱ्यांचे आकडे लिहायची, ते काम सरांनीच दिलं, घरी बसवलं असतं तर परत मागं गेली असती.

जे लोक फक्त ग्रेस मार्कसाठी किंवा नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी पोराला आणतात त्यांना सर परत पाठवत नाहीत, पण सर्टिफिकेटची गॅरंटी देत नाहीत. ते मागायचं असेल तर इथं येऊ नका.

यंदाच्या तालुक्याच्या मॅचचं सांगतो. सेमीफायनलला आमची टीम हरली. आमचीनं पाठलागात दोन गडी बाद केले, एकदा घाईत चुकीचा खो देऊन फाउल केला, वाकून मातीला हात लावला, परत पळाली. पळतीत १ मिनिट ४० सेकंद टिकली, मग खांबाजवळ बाद झाली. लोक ओरडत होते, या वेळेस आपल्यासाठी पण आणि समोरच्यांसाठी पण. हरल्यावर बाकीच्या पोरींसोबत ती पण रडली, मी लांब उभा राहिलो, जवळ गेलो नाही.

गाडीवर मी विचारलं, मजा आली का. हाव म्हणाली. भूक लागली का. हाव. फाट्यावर थांबून समोसे खाल्ले. परत गाडी सुरू केली, मी चूप. तीन-चार किलोमीटर गेल्यावर मागून तिनंच सुरू केलं, बाबा ते उंच पोट्टी हाय न, ते डाव्या बाजूनं हुल देते अन् उजवीकडून निंगते, मले दुसऱ्या वेळेस समजलं पण तवापर्यंत टाइम संपला, पुढच्या साली मी तिले धरतो. मग घर येईपर्यंत तीच बोलत होती. मी आरशात पाहत होतो.

पाच पैकी चार स्टार. एक संडासचा कापला.

ज्यांना टाकायचं आहे त्यांच्यासाठी: फी महिना ३००, दोन भावंडं असली तर दुसऱ्याचे १५०, कपाशीचे पैसे आल्यावर एकदम दिले तरी सर थांबतात. पहिले १५ दिवस फी नाही, लेकराला आवडलं तर द्या. नवीन पोरं जून आणि जानेवारीत घेतात, वय ८ च्या वर. बूट नसले तरी चालते, अर्धी पोरं अनवाणीच खेळतात, पण नखं कापून पाठवा. सोबत भिजवलेले हरभरे किंवा शेंगदाणे-गूळ आणि पाण्याची बाटली. बाप सोडायला आला तर लिंबाखाली बसायचं, मैदानाच्या रेघेवर उभं राहायचं नाही आणि ओरडायचं नाही, यावर सर खरंच चिडतात. वही सर देतात, पेन घरून न्या.